आयएसएस गच्चीवरून: ॲप वेळ दाखवतं, वर काहीच दिसत नाही

गच्चीकर_सातारा

नमस्कार मंडळी. घरातून पाच जण वर जातो: दोन मुलं (७ आणि ११), सासूबाई आणि आम्ही दोघं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बघायचंय. तीनदा गेलो, तिन्ही वेळा आकाश निरभ्र आणि तिन्ही वेळा शून्य. ॲपमधल्या नोंदी अशा:

डिसेंबर, रात्री ९:४८, सर्वोच्च ७१°.
जानेवारीचा तिसरा आठवडा, संध्याकाळी ६:२९, सर्वोच्च ३८°, आग्नेयेला.
जानेवारीअखेर, संध्याकाळी ७:३२, सर्वोच्च १६°, वायव्येला.

गच्चीच्या दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर. उत्तर आणि पूर्व मोकळी. मधोमध लोखंडी स्टँडवर पाण्याची टाकी. ॲप रोज चार-पाच फेऱ्या दाखवतं, मग एकही दिसू नये? चुकतंय कुठे ते नेमकं सांगा. मुलांचा उत्साह आता एकाच फेरीपुरता उरलाय. १०×५०ची दुर्बीण आहे, फोन आहे, टेलिस्कोप नाही.

---

उन्नतांश

नोंदी दिल्यात ते बरं केलंत. तिन्ही वेळा स्थानक सांगितलेल्या जागेवरूनच गेलं, फक्त तिन्ही वेळा न दिसायचं कारण वेगळं.

स्थानकाला स्वतःचा दिवा नाही. आपल्याला दिसतं ते त्याच्या सौरपंखांवरून आणि सांगाड्यावरून परतलेलं ऊन. म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: खाली आपल्याकडे अंधार आणि वर सव्वाचारशे किमीवर अजून ऊन. सूर्य क्षितिजाखाली साधारण २०° जाईपर्यंत डोक्यावरचं स्थानक उन्हात असतं. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे २०° उतरायला त्याला जेमतेम ८५ ते ९० मिनिटं लागतात. सूर्यास्तानंतरची पहिली वीस-पंचवीस मिनिटं आकाश फार उजळ असतं, ती वजा करा. म्हणजे संध्याकाळी हाती उरतो फार तर तासभर. पहाटे हेच उलट क्रमाने.

आता तुमच्या नोंदी बघा. डिसेंबरात साताऱ्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ९:४८ला पावणेचार तास उलटून गेले होते. स्थानक ७१° वरून गेलं खरं, पण पृथ्वीच्या सावलीतून. काळ्या पाटीवर काळा खडू. दुसरी नोंद ६:२९ची आणि त्या आठवड्यात सूर्यास्त ६:२०च्या आसपास, म्हणजे पाटीच पांढरी होती. तिसऱ्या वेळी मात्र वेळ अगदी योग्य होती, पण उंची १६°. तेवढ्या खाली स्थानक तुमच्यापासून जवळपास १,२०० किमी दूर असतं आणि त्यात तुमच्या त्या बाजूला डोंगर. उरलंसुरलं थंडीतल्या धुरकटाने खाल्लं.

ॲपमध्ये ‘सर्व फेऱ्या’ आणि ‘फक्त दिसणाऱ्या फेऱ्या’ असा पर्याय कुठेतरी असतो. तुमच्याकडे पहिला चालू आहे, त्याशिवाय रोज चार-पाच येणारच नाहीत. दुसरा निवडा. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळाचा तक्ता मला सर्वांत सोयीचा वाटतो, नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ही चालेल. कुठलंही वापरा, आधी स्थान तपासा: १७.७° उत्तर, ७४.० पूर्व आणि वेळ भारतीय प्रमाणवेळ. स्थान न भरल्यास काही ठिकाणी ०° अक्षांश ०° रेखांश धरलं जातं आणि वेळ ग्रिनिचची येते. तो आफ्रिकेजवळच्या समुद्रातला तक्ता, तुमच्या काही कामाचा नाही.

तक्त्यात प्रत हा रकाना असतो. आकडा जितका उणे तितकं तेज जास्त. व्याध −१.५, ध्रुव २. स्थानक चांगल्या फेरीत −३च्या पुढे जातं, शुक्राच्या जवळपास. पहिल्यांदा दाखवायचं असेल तर सर्वोच्च उंची ४०° हून जास्त, प्रत −२.५ किंवा त्याहून तेजस्वी आणि सूर्यास्तानंतर ३० ते ८० मिनिटं, या तीन चाळण्यांतून उतरेल तीच फेरी घ्या. बाकीच्या फेऱ्यांना मुलांना वर नेऊच नका.

अशी फेरी रोज मिळत नाही, त्याचं कारणही सांगून ठेवतो. स्थानकाच्या कक्षेचं प्रतल रोज सुमारे ५° पश्चिमेकडे फिरतं, सूर्य १° पूर्वेकडे. या ६°च्या फरकाने फेऱ्यांची वेळ रोज सरासरी २४ मिनिटं अलीकडे येते. संध्याकाळची खिडकी तासाभराची, म्हणून ओळीने चार-सहा दिवस चांगल्या फेऱ्या, मग खंड, मग पहाटेच्या, पुन्हा खंड, असं साधारण ६० दिवसांचं चक्र चालतं. खंड पडला की लोक ॲप काढून टाकतात.

---

वीतभर_आकाश

उन्नतांश यांच्याशी सहमत, फक्त ४०°च्या अटीबद्दल थोडं. संध्याकाळच्या फेरीत २५-३०°चीही चालते, जर ती पूर्वेच्या अर्ध्या आकाशात असेल तर. सूर्य पश्चिमेला बुडालेला असतो. स्थानक पूर्वेला असताना त्याची उजळलेली बाजू आपल्याकडे असते, पौर्णिमेच्या चंद्रासारखी. पश्चिमेला असताना आपण त्याची पाठ बघतो. तीच उंची, तेच अंतर, पण पूर्वेला ते ठळक दिसतं. शिवाय पूर्वेचं आकाश आधी काळोखतं. साताऱ्याच्या या गच्चीला तीच बाजू मोकळी आहे.

आता उभं कुठे राहायचं ते. अंशांचं मोजमाप हातावर करा. हात पूर्ण ताणून एक डोळा मिटला की करंगळीची रुंदी १°, मूठ १०°, पसरलेली वीत २०°च्या आसपास. मुलांचा हात लहान पण बाहूही आखूड, त्यामुळे त्यांच्या मुठीलाही तेच माप लागू पडतं. क्षितिजावर मूठ ठेवून मुठीवर मूठ रचत गेलं तर नवव्या मुठीला डोक्यावर पोचायला हवं. हा खेळ दिवसाउजेडी करून घ्या. त्याच खेळात यवतेश्वरचा डोंगर किती मुठी झाकतो तेही मोजा आणि वहीत लिहून ठेवा. हा आकडा कुठलंच ॲप तुम्हाला देणार नाही.

दिशेसाठी फोनचं होकायंत्र टाकीजवळ अजिबात धरू नका. लोखंडी स्टँड, कठड्याचे गज, फोनच्या चुंबकी कव्हरची चकती, यातलं काहीही सुई २०-३०° फिरवू शकतं. गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात जा, कव्हर काढा, फोन आठाच्या आकड्यात फिरवा. त्याहून बरा उपाय ध्रुवतारा. त्याची उंची म्हणजे आपला अक्षांश, साताऱ्यात १७.७°, दोन मुठींना किंचित कमी. एकदा ध्रुवाखाली जमिनीवर खडूने बाण काढला की उत्तर कायमची ठरली. मग आठही दिशांना खुणा ठरवा: अमक्याचं नारळाचं झाड ईशान्य, मोबाईलचा टॉवर आग्नेय. सात वर्षांच्या मुलाला ‘वायव्येला बघ’ म्हणून काय कळणार? ‘डोंगराच्या उजव्या टोकावर बघ’ म्हटलं की कळतं.

आपल्याकडून स्थानकाच्या वाटा दोनच प्रकारच्या: नैर्ऋत्येकडून ईशान्येला किंवा वायव्येकडून आग्नेयेला. सुरुवात कायम पश्चिमेच्या अंगाने. पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा ठिपका दिसला तर तो आयएसएस नव्हे, पैज घ्या.

वेळेबाबत आणखी एक. फोनचं घड्याळ आपोआप जुळतं, भिंतीवरचं आणि मनगटावरचं नाही. ॲपला दोन-तीन आठवडे इंटरनेट मिळालं नसेल तर कक्षेचे आकडे शिळे होतात. मधल्या काळात स्थानकाला वर ढकललं असेल तर वेळ मिनिटामिनिटांनी चुकते. निघण्याआधी त्याच दिवशी तक्ता ताजा करा. दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी सगळे जागेवर हवेत आणि वेळ टळल्यावरही पाच मिनिटं हलायचं नाही.

गच्चीवरचा खरा धोका वेगळाच. मान वर करून ठिपक्यामागे वळता वळता माणूस उलट पावली चालतो. जिन्याचं तोंड उघडं, टाकीचं झाकण अर्धवट, कठडा गुडघ्याएवढा, यातलं काहीही असेल तर सतरंजी घाला आणि सगळ्यांना आडवं करा. पाय ज्या बाजूने स्थानक येणार त्या बाजूला, डोकं उलट बाजूला. सासूबाईंना पाठ रेलेल अशी खुर्ची. मानेला उशी दिली की ७०° वरचंही आरामात दिसतं.

---

गच्चीकर_सातारा

खूप खूप आभार. ‘फक्त दिसणाऱ्या’ केलं तर पुढच्या दहा दिवसांत चाळीस-पन्नासांपैकी साडेचारच उरल्या. (अर्धी म्हणजे जी मध्येच संपते असं दाखवतंय, ती काय भानगड आहे?) पुढचे प्रश्न: दुर्बिणीतून काय दिसेल? फोनने फोटो येतो का? विमान आणि स्थानक मुलांनी ओळखायचं कसं? आणि चंद्र असेल तर रद्द करायचं का?

---

दुर्बिणवाला

अर्ध्या फेरीची भानगड म्हणजे खरं तर बघण्यासारखी गोष्ट आहे. आकाशाच्या मधोमध चालता चालता स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतं. आधी पांढरं, मग पिवळट, मग तांबूस आणि आठ-दहा सेकंदांत गायब. तक्त्यात ‘शेवट ३१°’ असं काही लिहिलेलं असेल तर ते मावळणं नव्हे, सावलीत जाणं. स्थानकावरचा सूर्यास्तच तुम्ही खालून बघत असता. दुर्बीण लावली असेल तर नुसत्या डोळ्यांपेक्षा काही सेकंद जास्त दिसतं आणि तो तांबडा रंग स्पष्ट कळतो.

पण १०×५० कडून आकाराची अपेक्षा ठेवू नका. स्थानक १०९ मीटर लांब आहे, डोक्यावर ४२० किमीवर त्याचा कोनीय आकार साधारण ५३ विकला भरतो, गुरूच्या बिंबाहून थोडा मोठा. दहापट केल्यावर एक लांबट, सोनेरीसर दाणा. ठिपका नाही एवढं नक्की कळतं. डोक्यावर असताना वेग सेकंदाला सुमारे १°. दुर्बिणीचं क्षेत्र साडेसहा अंश, म्हणजे हात स्थिर ठेवलात तर सहा-सात सेकंदांत पार. म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी पकडा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणा आणि कंबरेतून वळा, मनगटातून नको. फोकस आधीच एखाद्या ताऱ्यावर टोकदार करून ठेवा. मुलांच्या हातात दुर्बीण द्यायची असेल तर पहिल्या फेरीला नको. अर्धा वेळ ती शोधण्यात जातो आणि ‘मला दिसलंच नाही’ हे वाक्य ऐकावं लागतं.

(पुढेमागे टेलिस्कोप आला तर: ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन (हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण), २५ मिमीची नेत्रिका, शोधक दुर्बीण दिवसा दूरच्या टॉवरवर काटेकोर जुळवलेली. एकाने शोधकातून ढकलत राहायचं, दुसऱ्याने बघायचं. सौरपंखांचा आकार दोन-तीन क्षण चमकून जातो. स्वयंचलित शोध विसरा, बहुतेक माउंटना हा वेग झेपत नाही.)

फोटो. फोनचा नाइट मोड वापरू नका. तो अनेक छोटी छायाचित्रं घेऊन ताऱ्यांवर जुळवतो आणि हलणारी वस्तू गोंगाट समजून पुसतो किंवा तिचे तुकडे करतो. ‘प्रो’ मोडमध्ये जा: आयएसओ १०० ते २००, शटर १० सेकंद, फोकस अनंतावर, ३ सेकंदांचा टायमर. बोट लागल्याचा हादरा टायमरने टळतो. फोनला धरायला तिपाई हवीच. फेरी ७०° वर असेल तर तिपाईचीही गरज नाही: टायमर लावा, जमिनीवर मऊ फडकं, त्यावर फोन पालथा, मागचा कॅमेरा आकाशाकडे. डोक्यावर १० सेकंदांत साधारण १०° लांबीची रेघ येते. सहा-सात फोटो ओळीने घेतले की फोनच्या चौकटीभर वाट होते.

कॅमेरा असणाऱ्यांसाठी: १८ ते २४ मिमी, एफ/४, आयएसओ ४००, २० सेकंद, सलग शूटिंग, कुलूपवालं केबल बटण. शहरातला उजेड जास्त असेल तर एफ/५.६ आणि आयएसओ २००. शटरचा वेळ वाढवून स्थानक उजळ होत नाही, आकाश मात्र पांढरं पडतं, कारण ते एका पिक्सेलवर क्षणभरच थांबतं. रेघेत मोठाल्या फटी पडल्या तर ९० टक्के वेळा ‘दीर्घ उद्भासन गोंगाट नियंत्रण’ (लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन) हा पर्याय चालू राहिलेला असतो. त्यात प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटून बसतो. तो बंद करा. पहाटेच्या फेरीला भिंगावर दव धरतं, दर दोन मिनिटांनी बॅटरीने तिरकं बघा आणि पुसायचं असेल तर फेरी सुरू व्हायच्या आधी.

विमान लुकलुकतं, तांबडा-हिरवा दिवा दाखवतं, आवाज मागून येतो. स्थानक एकसंध, शांत, दिव्याशिवाय. चंद्राने या तेजाला काही फरक पडत नाही. शहरातल्या उजेडानेही नाही, भर दादरमधूनही आयएसएस दिसतं. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं बसा वगैरे सल्ला मंद दिसणाऱ्या हबल अवकाश दुर्बिणीसाठी राखून ठेवा.

एक ताकीद. स्थानक चंद्रबिंबावरून जातानाचे फोटो बघून कुणी सूर्यबिंबावरचं बघायला जाऊ नये. अर्ध्या सेकंदाचा प्रकार असतो आणि प्रमाणित सौरफिल्टर भिंगाच्या पुढे लावल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवणं म्हणजे डोळा गमावणं.

---

कृत्तिका_सहा

आयएसएसचा खंड पडला की बाकीच्यांकडे वळता येतं, म्हणून हे जोडते.

चीनचं थ्येनकुंग स्थानक: पहिला भाग एप्रिल २०२१ला वर गेला, २०२२अखेर तीन भागांचं झालं. कक्षेचा कल (विषुववृत्ताशी होणारा कोन) ४१.५°, उंची ४०० किमीच्या आत. आकाराने लहान म्हणून तेज कमी, तरी चांगल्या फेरीत अभिजित ताऱ्याला मागे टाकतं. तक्ता त्याच संकेतस्थळावर वेगळा निवडावा लागतो.

हबल दुर्बीण आपल्या अक्षांशाची खास मेजवानी. तिच्या कक्षेचा कल २८.५°, त्यामुळे महाराष्ट्र-गोव्यात ती डोक्यावरून जाते आणि लंडनहून दिसतच नाही. वाट जवळजवळ पश्चिमेकडून पूर्वेकडे. तेज ध्रुवताऱ्याच्या आसपास, कधी थोडं जास्त, म्हणून नेमकी वाट माहीत असल्याशिवाय सापडत नाही. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या ॲपमध्ये त्या मिनिटाचं आकाश उघडा, ती कुठल्या दोन ताऱ्यांमधून जाते ते बघा आणि त्या फटीवर नजर रोखून थांबा. सध्या संध्याकाळी मृग, रोहिणी, व्याध वर असतात, खुणांना तोटा नाही. इथे मात्र फोनचा पडदा मंद हवा आणि बॅटरीला पतंगाचा तांबडा जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळलेला हवा.

एका रेषेत मण्यांसारखे वीस-पंचवीस ठिपके दिसले तर ती स्टारलिंकची माळ, प्रक्षेपणानंतर पहिले काही दिवसच दिसते. मग उपग्रह पांगत वर चढतात आणि मंद होतात. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उडती तबकडी’ फिरायला लागली की तारीख बघा, आदल्या दोन-चार दिवसांत प्रक्षेपण झालेलं असतं.

आणि खरोखर खाली पडणारी वस्तू वेगळी दिसते. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी विदर्भात दिसलं ते आठवा: आडवी, संथ, तांबूस-पिवळी, मागे शेपटी आणि तुटत जाणारे तुकडे. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. चिनी रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात शिरल्याचं अभ्यासकांनी ओळखलं. उल्का दोन-तीन सेकंदांत संपते, असा पुनर्प्रवेश मिनिटभरही चालतो. उपग्रहाला शेपटी नसते आणि तो तुटत नाही, एवढं मुलांना सांगितलं तरी पुरे. असं काही सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवायचं, टाक्यांमध्ये विषारी इंधन उरलेलं असू शकतं.

आयएसएसच्या थोडं पुढे किंवा मागे, त्याच वाटेवर एक मंद ठिपका धावताना दिसला तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. नुकतं सुटलेलं किंवा जोडायला निघालेलं ड्रॅगन, सोयूझ किंवा प्रोग्रेस यान असतं. यानांच्या ये-जा करण्याच्या दिवशी मुद्दाम फेरी शोधावी. २०२५च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला वर होते तेव्हा आपल्याकडे नेमका पावसाळा. जून ते सप्टेंबर हा छंद इथे बंदच समजा. ऑक्टोबर ते मार्च खरा मोसम.

---

थेम्सकाठचा

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडा फरक. लंडनचं अक्षांश ५१.५° आणि स्थानकाच्या कक्षेचा कल ५१.६°, म्हणजे ते इथे वळण घेतं आणि सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसतं. मे-जूनमध्ये सूर्य रात्रभर फारसा खाली जात नाही, स्थानक सावलीत शिरत नाही, आणि दर ९३ मिनिटांनी एक अशा एकाच रात्रीत चार-पाच फेऱ्या मिळतात. उन्नतांश यांचा ‘तासाभराची खिडकी’ हा नियम इथे उन्हाळ्यात लावू नका. आजी-आजोबांना साताऱ्यात आणि नातवंडांना लंडनला एकच फेरी संध्याकाळच्या वेळी दाखवायचा बेत मात्र जमत नाही, दोघांची संध्याकाळ एकाच वेळी होत नाही.

---

उन्नतांश

सावलीतल्या, न दिसणाऱ्या फेऱ्याही अगदीच वाया नाहीत. स्थानकावरच्या हौशी रेडिओचं प्रसारण १४५.८०० मेगाहर्ट्झ एफएमवर येतं, रात्री ९:४८लाही आणि भर दुपारीही. कधी शाळांशी बोलणं, कधी चित्रं पाठवणारे सूर. हातातल्या संचाला मिळणारा आखूड रबरी अँटेना कमी पडतो, हातात धरायचा तीन-चार दांड्यांचा यागी चांगला. डॉप्लरमुळे येताना वारंवारता साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते, एफएमला तेवढं खपतं. प्रसारण सतत नसतं, आधी वेळापत्रक बघा. आणि हे फक्त ऐकण्यापुरतं. बोलायचं असेल तर हौशी रेडिओचा (हॅम) परवाना लागतो.

---

गच्चीकर_सातारा

चाळण्या लावून ही फेरी निवडली, बघा बरोबर आहे का. फेब्रुवारीचा मध्य, सूर्यास्त ६:३५.

सुरुवात ७:४२:००, १०°, वायव्य.
सर्वोच्च ७:४५:२०, ६८°, ईशान्य.
शेवट ७:४६:४५, ३१°, आग्नेय.
प्रत −३.५.

डोंगर मोजला. वायव्येला दीड मूठ झाकतो.

---

वीतभर_आकाश

उत्तम निवड. दीड मूठ म्हणजे १५°, तेव्हा ७:४२ला काहीच दिसणार नाही, घाबरू नका. डोंगरावरून ते ७:४२:४०च्या सुमारास वर येईल, आधी मंद, कारण तेव्हा ते बाराशे किमीवर असतं. दोन मुठींवर ७:४३:१०. तिथून तेज झपाट्याने चढतं, कारण दोन मिनिटांत अंतर साडेचारशे किमीवर येतं. सतरंजीवर पाय वायव्येला करून झोपा. ते उजवीकडून, म्हणजे ईशान्येच्या अंगाने, जवळजवळ डोक्यावरून जाईल. तिथे पोचलं की सगळ्यांनी उठून आग्नेयेकडे तोंड करून बसायचं, कारण शेवटची जवळजवळ दीड मिनिटं मागच्या बाजूला आहेत आणि तीच सर्वांत तेजस्वी. आग्नेयेला तीन मुठींवर विझेल.

फोन आधीच पालथा घालून ठेवा, फेरी चालू असताना कुणीही पडद्याकडे बघायचं नाही. दुर्बीण सासूबाईंकडे द्या, खुर्चीच्या हातावर कोपर टेकून त्यांचा हात तुमच्यापेक्षा स्थिर राहील. ७:४६:३०ला धाकट्याला आकडे मोजायला सांगा.

---

दुर्बिणवाला

आणि जिन्याचं दार लावून घ्या, दिव्याचं बटण खाली कुणीतरी दाबतंच.